फुलराणीचा धंदा

बर्नार्ड शॉ १८८४ साली फेबियन सोसायटीत दाखल झाला. त्याच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली ‘ती फुलराणी’ रचले. प्राध्यापकाने फुलवालीची भाषा सुधारली, एवढाच विनोद प्रेक्षक घरी नेतो. शॉचा मुद्दा निराळा आहे.

एलायझा रस्त्यावर फुले विकून पोट भरत होती. सुसंस्कृत ‘बाई’ बनल्यावर तोही धंदा तिला उरत नाही. तेव्हा प्राध्यापक तिला लग्नाचा मार्ग सुचवतो. तिचा बाप कचरा वाहणारा. वर्षाला ३,००० पौंड मिळू लागताच, जिच्यासह तो बिनलग्नाचा सुखाने राहत होता तिच्याशीच त्याला नाइलाजाने लग्न करावे लागते. वरच्या वर्गात जाण्याची किंमत दोघांकडूनही विवाहाच्या रूपानेच मागितली जाते. शॉने १९१६ साली उपसंहार जोडला. त्यात एलायझा निर्धन फ्रेडीशी लग्न करते आणि फुलांचे दुकान चालवते.

या प्रश्नाचा विचार वर्ध्यातही झाला आहे. १९३७ साली येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने मातृभाषा आणि उत्पादक हस्तव्यवसाय यांवर शिक्षण उभारावे असे ठरवले. एलायझाचे शिक्षण याच्या नेमके उलट: बोली गेली, धंदाही गेला. आर्वी-हिंगणघाटची पदवीधर मुलगी शहरात मुलाखतीला गेली की कामाआधी तिची बोली तोलली जाते. शेतातले श्रम कमीपणाचे, हे तर ती शाळेतच शिकलेली असते. मग उरते नोकरीवाले स्थळ. अशा संसारातील असमाधानाचे मूळ केवळ स्वभावात शोधू नये. जिच्या हाती स्वतःची कमाई आहे, तिच्याच होकाराला अर्थ असतो. कारण तिला नकारही देता येतो.