तळ न खरवडणाऱ्या फळ्या

आइसलँडमध्ये १९८४ साली ‘आइसफिश’ हे मासेमारी उद्योगाचं प्रदर्शन सुरू झालं. आता ते दर तीन वर्षांनी, राजधानीलगतच्या कोपावोगुर शहरात भरतं. इंजिनं, वजनकाटे, सोनार, मासे कापणारी यंत्रं, सगळं तिथं असतं. पण मला सर्वांत मोलाच्या वाटतात त्या ट्रॉलच्या, म्हणजे बोटीनं ओढायच्या जाळ्याच्या, नव्या फळ्या.

जाळ्याच्या दोन्ही बाजूंना बांधलेल्या या जड फळ्या पाण्याच्या दाबानं बाहेर फाकतात, म्हणून जाळ्याचं तोंड उघडं राहतं. तळाच्या मासेमारीतल्या जुन्या फळ्या जमिनीला घासत जातात. चिखल ढवळतो, तळातले जीव चिरडले जातात, डिझेलही जास्त जळतं. नव्या फळ्या तळाला न टेकता, थोड्या वरून पाणी कापत जातात. त्यांच्यावरचे सेन्सर खोली आणि दोन फळ्यांमधलं अंतर थेट तांडेलाच्या केबिनमध्ये दाखवतात.

अर्थात, उपयोगी साधन महागडंच हवं असं नाही. सिंधुदुर्गातल्या काही ट्रॉलरनी जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला ४० मिलिमीटरचे चौकोनी आस, म्हणजे जाळ्याची भोकं, लावून पाहिले, आणि कोकणात सगळीकडेच ते लागायला हवेत. नेहमीचे शंकरपाळ्यासारखे आस ओढ लागली की मिटतात. चौकोनी उघडे राहतात आणि बारकी मासळी निसटून जाते.