मारमारा समुद्रातील नौकासफरीची आखणी

(किनाऱ्यावरील एका गावी शिक्षक, सरकारी कर्मचारी व ग्रामस्थ यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



शिडाच्या नौकेतून एखाद्या लहान समुद्राची सफर कशी आखावी, या विषयावर बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. प्रथमच कबूल करतो की, मी दर्यावर्दी नाही. कला शाखेचा पदवीधर आणि प्रसिद्धी खात्याचा नोकर आहे. ज्या मारमारा समुद्राविषयी बोलणार आहे, तेथे मी केवळ नकाशावर फिरलो आहे. परंतु आखणी नकाशावरच होते, आणि तिच्यातील चूक किती महाग पडते, हे मी आपल्या गोव्याच्या पाण्यात शिकलो आहे.

मारमारा हा तुर्कस्तानातील समुद्र. एका बाजूस युरोप, दुसऱ्या बाजूस आशिया. क्षेत्रफळ सुमारे ११,३५० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याच्या तिप्पट. ईशान्येस बॉस्फोरसच्या सामुद्रधुनीने तो काळ्या समुद्रास, तर नैर्ऋत्येस दार्दानेल्सने एजियन समुद्रास जोडलेला आहे. इस्तंबूलजवळ प्रिन्सेस बेटांचा नऊ बेटांचा पुंजका आहे, तर पश्चिमेस मारमारा, आव्शा, पाशालिमानी ही बेटे. मारमारा बेटावर प्राचीन काळापासून संगमरवराच्या खाणी आहेत. आपल्या ‘संगमरवर’ शब्दाचा उत्तरार्ध आणि या समुद्राचे नाव ही दोन्ही एकाच ग्रीक शब्दाकडे जातात. भाषाशिक्षकांनी हे मुलांना अवश्य सांगावे.

समजा, दहा दिवसांची रजा आहे. नवखा मनुष्य सरळ हिशेब करील: पाच दिवस जाण्यास, पाच दिवस येण्यास. येथेच घोटाळा होतो. डॅन्यूब, नीपर यांसारख्या नद्यांचे पाणी काळ्या समुद्रात येते, आणि तेथील जादा पाणी बॉस्फोरसमधून मारमारात व पुढे एजियनमध्ये वाहते. उन्हाळ्यात वाराही बहुधा ईशान्येचाच. त्यास तेथे ‘पोयराझ’ म्हणतात. प्रिन्सेस बेटांपासून मारमारा बेट सुमारे ७० सागरी मैल. ताशी पाच मैलांनी जाणारी नौका वारा व प्रवाह पाठीशी घेऊन चौदा तासांच्या आतच पोहोचेल. परतताना मात्र दोन्ही तोंडावर. शिडाची नौका वाऱ्यावर सरळ चालून जाऊ शकत नाही. तिला एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे तिरपे जावे लागते. एका दिवसाच्या वाटेस दोन-तीन दिवस सहज लागतात.

या पाण्याची आणखी एक मौज आहे. वरचा प्रवाह एका दिशेस वाहत असता, तळाशी भूमध्य समुद्राचे अधिक खारट, जड पाणी उलट दिशेस जाते. लुईजी मार्सिली या इटालियन तरुणाने १६७९-८० च्या सुमारास दोरीला पांढरे रंगविलेले बुचाचे तुकडे बांधून ते खोल सोडले आणि हे दाखवून दिले. तेथील कोळ्यांना मात्र ते आधीच ठाऊक होते. मार्सिलीने ते त्यांच्याकडूनही ऐकले होते.

आमचे तसे झाले नाही. काही वर्षांपूर्वी शाळकरी मुलांच्या एका जलसहलीचा कार्यक्रम मी लिहिला: सकाळी दक्षिणेकडे प्रयाण, दुपारी चार वाजता परत. होडीचा वृद्ध तांडेल म्हणाला, “साहेब, दुपारी खारा वारा चढतो. परतायचे तर अकराच्या आत परतू या.” मी छापील कागद दाखविला. चार वाजता लाटा नाळेवर आदळू लागल्या, मुले भिजली, ओकाऱ्या सुरू झाल्या. तांडेलाने मला न विचारता सुकाणू फिरविले आणि होडी भलत्याच किनाऱ्यास लावली. मुले रात्री टेम्पोतून घरी पोहोचली. दोन आयांनी मला जे ऐकविले, ते येथे सांगत नाही.

म्हणून मारमाराची आखणी मी शेवटाकडून करतो. परतीसाठी पाच दिवस, आणि तेही दक्षिण किनाऱ्याच्या आश्रयाने: कापिदाग द्वीपकल्पावरून मुदान्या, तेथून बोझबुरून भूशिरास वळसा घालून प्रिन्सेस बेटे. वाटेत इम्राली बेट लागते. ते तुरुंगाचे बेट असून जवळ जाण्यास बंदी आहे, तेव्हा ते बरेच दूर ठेवावे. मोठ्या जहाजांच्या वाटा नकाशावर दाखविलेल्या असतात. त्या ओलांडायच्या झाल्यास दिवसाउजेडी आणि काटकोनात. उरलेल्या पाच दिवसांत एक प्रिन्सेस बेटांस, एक पश्चिमेच्या लांब टप्प्यास, एक संगमरवराच्या खाणींस. दोन दिवस कोरे.

कोरे अशासाठी की, कधी कधी ‘लोदोस’ हा दक्षिणेकडचा वारा सुटतो. तो जोरात असला की इस्तंबूलच्या प्रवासी बोटीही बंद ठेवाव्या लागतात. तेव्हा दक्षिणेकडे उघडे असलेले बंदर निरुपयोगी. मारमारा बेटाच्या उत्तर अंगास सारायलार आहे, तर कापिदागच्या नैर्ऋत्य अंगास एर्देक. लोदोस असता पहिल्याचा आसरा, पोयराझ असता दुसऱ्याचा. दोन्ही नावे वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवावीत.

नकाशा मागील भिंतीवर लावला आहे. सभेतील तांडेल मंडळींनी तो जवळून पाहावा, आणि माझ्या हिशेबात कोठे चूक दिसल्यास आताच सांगावी. मी वही उघडून बसतो.