मिर्झापूर: गंगेवरची वऱ्हाडी पेठ

(प्रतापनगर, बडोदे येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, थोडे संक्षिप्त करून.)



मिर्झापूर म्हटलं की हल्ली मोबाइलवरची मालिका आठवते. आज बंदुका नाहीत, कापूस आहे. (हशा) हा कापूस वऱ्हाडातून यायचा.

माझं म्हणणं एकच. गाव नदीमुळे मोठं होत नाही. जिथे एका वाहनातला माल उतरवून दुसऱ्यात चढवावा लागतो, तिथे गाव मोठं होतं. अलाहाबाद ते काशी गंगेकाठी गावं काय कमी आहेत? मग पेठ मिर्झापूरलाच का? कारण नागपूर-जबलपूरकडचा रस्ता विंध्य उतरून तिथेच गंगेला भिडायचा. बैलाच्या पाठीवरचं ओझं तिथे उतरायचं आणि कलकत्त्याच्या नावेत चढायचं. त्या चढउतारीवर आडते, तोलणारे, हमाल, गुदामवाले सगळे पोसले. सावकारीत दशनामी गोसावी पुढे. अंगावर भगवं, हातात हुंडी!

वऱ्हाडातल्या अमरावतीहून मिर्झापूर सुमारे ८०० किलोमीटर. लमाणांचे तांडे निघायचे. रोज मुक्कामाला प्रत्येक बैलाच्या गोण्या उतरवायच्या, पहाटे पुन्हा लादायच्या. उघड्यावर पडलेल्या कापसात धूळ जायची, दव मुरायचं. १८४२ साली एकट्या एका व्यापाऱ्याने या वाटेने १,००,००० बैलांचा माल धाडल्याची नोंद आहे. (मागून: ‘वजन किती भरायचं?’) कोरड्या गोणीचं वेगळं, ओल्या गोणीचं वेगळं. विकणाऱ्याला ओलीच आवडत असणार. (हशा)

१८६४ मध्ये मिर्झापूरला रेल्वे आली. आता तर भरभराटच, असं कुणालाही वाटावं. पण १८६७ मध्ये मुंबईची गाडी नागपुरात पोचली, १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्त्याचे रूळ जबलपूरला जुळले, आणि वऱ्हाडचा कापूस सरळ मुंबईला जाऊ लागला. गंगा आटली नव्हती, घाटही शाबूत होते. चढउतार तेवढी संपली.

बैलांचा विषय निघाला की मला बडोद्याजवळच्या डभोईला जावंच लागतं. १८६२ मध्ये खंडेराव महाराज गायकवाडांच्या राज्यात मियागाम-डभोई अडीच फुटी रूळ पडले, आणि डबे ओढायला बैल! १८६३ मध्ये ग्लासगोच्या नीलसन कंपनीची इंजिनं आली, तर रुळांना त्यांचं वजन पेलेना. पुन्हा जुंपले बैल. चांगले भारी रूळ पडून इंजिनं नियमित धावायला १८७३ उजाडलं. म्हणजे दहा वर्षं विलायती इंजिनापेक्षा आपला बैल रेल्वेच्या जास्त उपयोगी! (टाळ्या) पुढे ही लाइन गोयागेटला, म्हणजे इथे प्रतापनगरला आली. तिकडे मियागामला छोट्या गाडीतला माल काढून मोठ्या लाइनच्या डब्यात भरावा लागे. मंडळी, हेच आपलं छोटं मिर्झापूर.

(एक श्रोते: ‘म्हणजे मिर्झापूरच्या पेठेसारखं प्रतापनगरही बसलं म्हणता?’)

नाही हो! विभागीय रेल्वे व्यवस्थापकांचं (डीआरएम) ऑफिस इथे आहे. रेल्वेवाल्यांनी भरलेल्या सभेत असं बोलून मी धड घरी जाईन का? (हशा) पण मुद्दा सोडत नाही. तुमचं ऑफिस कागदावर चालतं, मी मालाबद्दल बोलतोय.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावर धरतात, तो मिर्झापूरजवळून जातो, आणि त्याच गावावर बोलताना माझी वेळ संपते! तेव्हा गालिचे, लाख, पितळेची भांडी हे सगळं गाळतो. इतकंच सांगतो, की गाव त्यांच्यावर तगलं. १९०१ च्या शिरगणतीत तिथे ७९,८६२ माणसं होती. पेठ गेली, गाव राहिलं.

१७ जानेवारी २०२१ रोजी डभोई-चांदोदवरून केवडियापर्यंत मोठी लाइन सुरू झाली. जुन्या चढउतारीची आठवण मात्र जायला नको. छोट्या लाइनवर नोकरी केलेली बरीच मंडळी समोर दिसतायत. मियागामला माल एका डब्यातून दुसऱ्यात कसा हलवायचे, तोलायला कोण असे, हमालांचा हिशेब कसा होई, हे कृपा करून लिहून काढा. लिहिणं होत नसेल तर मला बोलवा, वही घेऊन येतो.