मोटारीच्या मागल्या आसनावरचा गायक



एका मुलाला गावयाचें आहे. गाइलेलें टिपून ठेवावयाचें आहे. परंतु घरच्या माणसांच्या कानांवर तें पडूं नये अशीही त्याची इच्छा आहे. अशा मुलानें जावें कोठें? अमेरिकेंतील व्हर्जिनिया संस्थानांत लीझबर्ग नांवाचें गांव आहे. तेथील विल बार्न्स ह्या मुलानें ह्या प्रश्नाचें उत्तर घरच्या मोटारींत शोधलें. मोटारीचीं दारें लावून घ्यावीं, मागल्या आसनावर बसावें आणि मनसोक्त गावें. मोटारीचा आंतला भाग गादीचा व कापडाचा असल्यामुळें आवाज फारसा घुमत नाहीं. तो जवळचा, कोरडा आणि थोडासा कोंडलेला असा उमटतो. पुढल्या आसनाच्या माथ्यावर डोकें टेकावयाची जी लहानशी उशी असते तिचेंच नांव त्यानें आपल्या गायनाला दिलें: 'कार सीट हेडरेस्ट'. स्वतःसाठीं त्यानें विल टोलेडो हें नांव घेतलें, आणि आज जग त्याला त्याच नांवानें ओळखतें. त्याच्या उमेदवारीच्या वर्षांविषयीं आज मी बोलणार आहें.

ज्या संगीताला 'इंडी रॉक' म्हणतात त्याचा अर्थ प्रथम सांगितला पाहिजे. 'इंडी' म्हणजे स्वतंत्र. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या आश्रयावांचून, लहान कंपन्यांच्या किंवा केवळ स्वतःच्या बळावर जें रॉक संगीत वाढलें तें इंडी. पूर्वीं ह्या स्वातंत्र्यालाही पैसे लागत. कारण तबकडी काढावयाची म्हणजे खर्च आला, आणि खर्च आला म्हणजे कोणाची तरी संमती आली. इंटरनेटनें ही अडचण जवळजवळ नाहींशी केली. २००८ सालीं निघालेल्या 'बँडकॅम्प' ह्या संकेतस्थळावर कोणीही गायक आपलें गाणें ठेवूं शकतो, त्याची किंमत स्वतः ठरवूं शकतो, हवें तर तें फुकटही देऊं शकतो. विक्री झाली तर संकेतस्थळ शेंकडा पंधरा ठेवून घेतें. विक्री वाढली कीं शेंकडा दहा. टोलेडोला हा दरवाजा उघडा सांपडला, आणि तो आंत शिरला तो अक्षरशः धांवतच.

२०१० सालीं त्यानें एकामागून एक चार गीतसंग्रह काढले. त्यांना नांवें देण्याची तसदीदेखील त्यानें घेतली नाहीं. एक, दोन, तीन, चार असे नुसते आंकडे. हे संग्रह मीं ऐकले आहेत, आणि ते सर्वच्या सर्व ऐकावेत असा आग्रह मी कोणाला करणार नाहीं. कोठें चाल अर्धवट सुटते, कोठें वाद्यांच्या गर्दींत शब्द बुडून जातात. पण त्यांत एक गोष्ट आहे: ऐकणारा कोणी आहे ह्याची त्या मुलाला धास्ती नाहीं. पुढें तो रिचमंड येथील विद्यापीठांत एक वर्ष काढून विल्यम्सबर्गच्या 'विल्यम अँड मेरी' ह्या १६९३ सालीं स्थापन झालेल्या जुन्या कॉलेजांत गेला. तेथें शिकत असतांही गाणीं निघतच राहिलीं. २०१३ सालचा एक संग्रह तर सुमारें दोन तासांचा आहे! दारावर अडविणारा कोणी नसला म्हणजे 'आतां पुरे' असें म्हणणाराही कोणी नसतो, हें त्यावरून दिसतें. असें असलें तरी ह्या उधळपट्टीविषयीं मला तक्रार करवत नाहीं. चित्रकाराचे कच्चे कागद, कवीच्या खोडलेल्या वह्या आपल्याला सहसा पाहावयास मिळत नाहींत. ह्या मुलानें आपल्या सगळ्या वह्या रस्त्यावरच्या खिडकींत मांडून ठेवल्या, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांपैकीं थोडे थोडे लोक थांबूं लागले.

ते थांबले ते विशेषेंकरून 'ट्विन फँटसी' ह्या संग्रहापाशीं. २०११ सालीं, एकोणीस वर्षांचा असतांना, त्यानें हा रचला. विषय प्रेमाचा, एका तरुणाला दुसऱ्या तरुणाविषयीं वाटलेल्या ओढीचा. त्यांतील एक गाणें बारा मिनिटें चालतें, आणि तेवढ्यांत चाल कित्येकदां बदलते. प्रेम, लाज, स्वतःचा राग, मध्येंच थट्टा, पुन्हां लाज, असा मनाचा सगळा गोंधळ त्यांत जसाच्या तसा आला आहे. ध्वनिमुद्रण मात्र अगदीं घरगुती. आवाज खरखरीत, शब्द पडद्याआडून आल्यासारखे. ह्यांत साधनांची गरिबी किती आणि संकोच किती हें वेगळें करून सांगतां येत नाहीं. मला वाटतें, जें उघड बोलावयाचें धैर्य नव्हतें तें त्यानें खरखरीच्या आडून बोलून घेतलें.

कॉलेज संपल्यावर २०१४ सालीं तो देशाच्या दुसऱ्या टोंकाला, सिअॅटलच्या बाजूला, राहावयास गेला. तेथें त्याला साथीदार मिळाले आणि एकट्याचें गाणें चौघांचें होऊं लागलें. २०१५ सालीं न्यूयॉर्कच्या 'मॅटाडोर' कंपनीनें त्याच्याशीं करार केला. १९८९ पासून इंडी संगीतांत वावरलेली ही कंपनी. तिचें बोलावणें येणें हा त्या जगांत मोठाच मान. पहिल्या संग्रहांत त्यानें आपलीं जुनींच गाणीं नव्यानें गाऊन दिलीं. दुसरा, 'टीन्स ऑफ डिनायल', हा मात्र सर्वस्वी नवा, आणि स्टीव्ह फिस्क ह्या अनुभवी निर्मात्याच्या देखरेखीखालीं झालेला.

आणि येथेंच ठेंच लागली. त्यांतल्या एका गाण्यांत त्यानें 'द कार्स' ह्या १९७८ सालीं पुढें आलेल्या प्रसिद्ध वाद्यवृंदाच्या गाण्याचा कांहीं भाग गुंफला होता. मोटारींत गाऊं लागलेल्या मुलानें ह्याच नांवाच्या मंडळींकडून उसनें घ्यावें हा योगायोग मोठा गमतीचा. पण परिणाम गमतीचा झाला नाहीं. परवानगी मिळाली आहे अशा समजुतीनें तबकड्या तयार झाल्या होत्या. २०१६ च्या मे महिन्यांत, संग्रह बाहेर पडावयास थोडेच दिवस उरले असतां, मूळ गाण्याचे कर्ते रिक ओकेसेक ह्यांची संमती नाहीं असें कळलें. कंपनीनें तयार तबकड्या परत मागवून नष्ट करविल्या. टोलेडोनें सुमारें दोन दिवसांत तें गाणें वेगळ्याच वळणानें पुन्हां रचलें, आणि २० मे रोजीं संग्रह इंटरनेटवर ठरल्या दिवशीं निघाला. तबकड्या तेवढ्या मागाहून आल्या. नवें गाणें आपल्याला जुन्याहून अधिक आवडतें असेंही त्यानें सांगितलें.

त्या वेळीं पुष्कळ तरुण रसिकांनीं ओकेसेक ह्यांना दोष दिला. मला तो पटत नाहीं. आपल्या गाण्याचें काय व्हावें हें ठरविण्याचा जो हक्क बँडकॅम्पवर ह्या मुलानें इतकीं वर्षें उपभोगला तोच हक्क त्या वडील गायकानें बजावला. मोटारींत एकटा गात असतां कोणाला विचारावें लागत नाहीं. चार लोक ऐकूं लागले म्हणजे विचारावें लागतें. ओकेसेक २०१९ सालीं वारले.

शेवटीं एका विलक्षण गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. नांव झाल्यावर, हाताशीं साधनें आणि साथीदार आल्यावर, टोलेडोनें 'ट्विन फँटसी' हा एकोणिसाव्या वर्षींचा संग्रह पहिल्यापासून अखेरपर्यंत पुन्हां गाइला. १६ फेब्रुवारी २०१८ रोजीं तो निघाला. त्या वेळीं तो पंचवीस वर्षांचा होता. कांहीं शब्द त्यानें बदलले, लांब गाणें आणखी थोडें लांबविलें, आणि ज्या प्रेमानें पूर्वीं तो गुदमरत होता त्याकडे आतां तो थोड्या अंतरावरून पाहूं लागला. नव्या आवृत्तींत शब्दन् शब्द स्पष्ट ऐकूं येतो. वाद्यें भरदार आहेत. कसबाच्या दृष्टीनें तीच श्रेष्ठ, ह्यांत शंका नाहीं. तरीही मी पुन्हां ऐकावयास बसलों कीं हात जुन्या आवृत्तीकडे जातो. कारण तिच्यांत गाणाऱ्या मुलाला आपल्या गोष्टीचा शेवट अजून ठाऊक नाहीं.

टोलेडोनें स्वतः जुनी आवृत्ति रद्द केली नाहीं. दोहोंना त्यानें वेगवेगळीं उपनांवें दिलीं. जुनीच्या उपनांवाचा अर्थ 'आरशासमोर आरसा', आणि नवीच्या उपनांवाचा अर्थ 'समोरासमोर'.