वायरलेस संच बिघडला, भरपाई कोणाकडून?

(रायपूर येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या मराठी अभ्यासवर्गात युनियनच्या सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गात आम्ही सहसा वेतन, पेन्शन, बदल्या यांवर बोलतो. आजचा विषय निराळा आहे. वॉकीटॉकी असो की वायरलेसचा दुसरा कोणताही संच, त्यातला प्रोग्राम बदलला जातो आणि मग तो धड चालूही होत नाही, धड बंदही होत नाही. कंपनीचे नाव पडद्यावर येते, जाते, पुन्हा येते. असा संच हातात आला तर काय करायचे आणि त्याची भरपाई कोणाच्या पगारातून व्हायची, हे दोन प्रश्न आज घ्यायचे आहेत. दुसरा प्रश्न नसता तर पहिला आम्ही तंत्रज्ञांवर सोडून दिला असता.

१५ ऑगस्ट २०२२ रोजी आपल्या दक्षिण पूर्व मध्य रेल्वेने कोरबा ते राजनांदगाव 'सुपर वासुकी' चालवली. पाच मालगाड्या एकाला एक जोडलेल्या, २९५ वाघिणी, सहा इंजिने, साडेतीन किलोमीटर लांबी, सुमारे २७ हजार टन कोळसा. वर्तमानपत्रांनी विक्रम म्हणून छापले, ठीक आहे. पण साडेतीन किलोमीटरवरचा झेंडा कोणाला दिसतो? तो विक्रम बाजूला ठेवा. आपली रोजची बॉक्सएन वाघिणींची मालगाडी ५८-५९ वाघिणींची, सहाशे मीटरहून लांब असते. वळणावर गार्डला इंजिन दिसत नाही. (२०२२ पासून कागदोपत्री तो 'ट्रेन मॅनेजर' आहे, ब्रेक व्हॅन मात्र तीच.) भिलाई यार्डात पावसाळी रात्री शंटिंग चालते तेव्हा पाच वॅटचा तो हातातला संच हाच पॉइंट्समनचा आवाज असतो. झेंडा आणि तिरंगी टॉर्च आहेतच, पण बोलणे मध्येच तुटले की हालचाल तिथेच थांबवायची, ही शिस्त कोणीही मोडू नये. उशीर झाल्याचा जाब नंतर देता येतो.

टपालवाल्या बंधूंना वाटेल, हे रेल्वेचे झाले. तसे नाही. डिसेंबर २०१७ मध्ये 'दर्पण' योजना सुरू झाली आणि सुमारे १ लाख २९ हजार शाखा डाकघरांसाठी सिमकार्डावर चालणारी हातयंत्रे ठरली. पुढे मोबाइल आले. २०२५ मध्ये टपाल खात्याची सारी प्रणालीच नव्याने बसवली गेली. ग्रामीण डाक सेवकाच्या हातातले यंत्रही आतून वायरलेस संचच आहे. त्यालाही नवा प्रोग्राम येतो आणि तोही असाच अडकतो.

आता संच आतून काय करतो ते पाहू. त्याच्या स्मृतीत तीन वेगळ्या गोष्टी असतात. सुरुवातीला एक लहानसा प्रोग्राम असतो. संच जागा करणे एवढेच त्याचे काम, त्याला बूटलोडर म्हणतात. नंतर येतो मुख्य प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर. तिसरी गोष्ट म्हणजे आपल्या चॅनेलांची आणि फ्रिक्वेन्सींची माहिती. फर्मवेअर बदलताना सहसा मधला भाग पुसून नवा लिहिला जातो. लिहिताना वीज गेली, केबल हलली, दुसऱ्या मॉडेलची फाइल घातली गेली किंवा जुनी चॅनेलची माहिती नव्या प्रोग्रामला पटली नाही, की मुख्य प्रोग्राम सुरू होतो आणि अर्ध्यावर अडखळतो.

मग तो पुन:पुन्हा का सुरू होतो? लोको पायलट बंधूंना हे लगेच समजेल. इंजिनात सतर्कता यंत्र, आपले व्हीसीडी, असते. ठरावीक वेळात तुम्ही काही हालचाल केली नाही तर दिवा लागतो, बझर वाजतो आणि तरीही उत्तर आले नाही तर ब्रेक लागतो. संचातही असाच पहारेकरी बसवलेला असतो. मुख्य प्रोग्रामने त्याला ठरल्या वेळी 'मी जागा आहे' असे कळवावे लागते. कळवले नाही की पहारेकरी संच पाडतो आणि नव्याने उठवतो. उठल्यावर पुन्हा तोच अडखळा, पुन्हा तीच कारवाई. थोडक्यात, तो पहारेकरी आपले काम चोख करतो आहे आणि बूटलोडरही जिवंत आहे. पडद्यावर नाव येते आहे, दिवा लुकलुकतो आहे, तोवर संच मेलेला नाही. 'सेट संपला' असा शेरा घाईने लिहिणाऱ्या साहेबांना हे विचारावे.

पण प्रत्येक वेळी दोष फर्मवेअरचाच असतो असेही नाही. संच नीट सुरू होतो आणि बोलायचे बटण दाबताच पडतो, अशी लक्षणे असतील तर आधी बॅटरी पाहावी. बोलताना संच सर्वात जास्त वीज ओढतो. जुनी बॅटरी ऐकण्यापुरती पुरते, बोलायला लागले की दाब कोसळतो. संपर्काच्या पितळी पट्ट्यांवर मळ बसला तरी तसेच होते. म्हणून पहिले काम म्हणजे दुसऱ्या चांगल्या संचाची पूर्ण भरलेली बॅटरी लावून पाहणे. भिंतीवरच्या किंवा छतावरच्या वायरलेस पेटीचे तसेच. रायपूर स्टेशनवर एप्रिल २०१६ मध्ये वायफाय आले तेव्हापासून अशा पेट्या आपण रोज पाहतो. तिचा अडॅप्टर कमजोर झाला तर ती वेळी-अवेळी पडते. प्रोग्रामचा दोष असेल तर मात्र ती दर वेळी नेमक्या त्याच जागी पडते. घड्याळ लावून पाच वेळा मोजा. पाचही वेळा तेवढ्याच सेकंदांनी पडली तर बॅटरीला किंवा अडॅप्टरला दोष देऊ नका.

बॅटरी बदलूनही तेच होत असेल तर ताबडतोब पुन्हा प्रोग्राम लिहायला कोणालाही देऊ नका. आधी कागद काढा. मॉडेल, हार्डवेअरची आवृत्ती (ती मागच्या चिठ्ठीवर असते), क्रमांक, जुना प्रोग्राम कोणता, नवा कोणता, कोणाच्या आदेशाने बदलला, किती वाजता, त्या वेळी वीज होती की गेली. कोरब्याची वीज देशभर जाते, पण आपल्या लॉबीतला दिवा पावसाळ्यात कधी लुकलुकेल सांगता येत नाही. त्या दोन सेकंदांची नोंदच पुढे उपयोगी पडते.

त्यानंतरचे काम सिग्नल व दूरसंचार विभागातील बंधूंचे. बऱ्याच डिजिटल वॉकीटॉकींत बोलायचे बटण आणि ठरावीक दुसरे बटण एकत्र दाबून धरून संच चालू केला की तो मुख्य प्रोग्रामकडे न जाता बूटलोडरपाशीच थांबतो. दिवा लुकलुकू लागतो, पडदा बऱ्याचदा कोरा राहतो. कोणते बटण ते मॉडेलप्रमाणे बदलते, म्हणून त्या मॉडेलचीच पुस्तिका हवी. मग केबलने योग्य फाइल पुन्हा लिहायची. छतावरच्या वायरलेस दुव्यांमध्ये, उदाहरणार्थ युबिक्विटीच्या एअरमॅक्स पेट्यांत, रीसेटचे बटण दाबून धरून वीज द्यायची आणि दिवे आलटून-पालटून लागेपर्यंत सोडायचे नाही. मग संगणकाला त्याच जाळ्यातला पत्ता हाताने देऊन १९२.१६८.१.२० या पत्त्यावर टीएफटीपीने फाइल पाठवायची. तिने फाइल घेतली की मधे हात लावायचा नाही. पेटी पाच-सात मिनिटे गप्प बसली तरी ती मेली असे समजू नये. घाईने वीज तोडली की पहिल्यापासून सुरुवात. संगणक यूपीएसवर असावा, संचाची बॅटरी पूर्ण भरलेली असावी, आणि ड्युटीवर जाणाऱ्याला खोळंबून ठेवून हे काम करू नये.

दिवाच लागत नाही, संगणकालाही संच दिसत नाही, असे झाले तर बूटलोडर गेला असावा. मग चिप काढून किंवा आतल्या जोडणीतून लिहावे लागते. ते काम दुरुस्ती केंद्राचे. स्क्रू काढायचा मोह आवरा, सील तुटले की सारा दोष तुमच्या माथी येतो. तसेच ओळखीच्या दुकानदाराकडून मिळालेली फाइल किंवा चॅनेलची यादी संचात घालू नका. रेल्वेच्या फ्रिक्वेन्सी परवान्याच्या आहेत. चुकीचा आकडा पडला तर तुमचा आवाज भलत्याच ठिकाणी जाईल आणि जिथे जायला हवा तिथे जाणारच नाही. म्हणूनच दुरुस्त झालेला संच प्रत्येक चॅनेलवर स्टेशन मास्तरशी बोलून तपासल्याशिवाय सहीने घेऊ नये.

एवढा मोठा जगाचा कारभार तरी यातून सुटला का? १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक नावाच्या कंपनीने संगणकांच्या संरक्षणासाठी एक सदोष फाइल पाठवली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले, कितीतरी याच चक्रात अडकले. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. आणि यंत्रे उठली कशी? त्यातली बरीचशी कर्मचाऱ्यांनी एकेका यंत्रापाशी बसून, ती फाइल हाताने काढून उठवली. त्या दिवशी काउंटरवर बसलेल्या कारकुनाकडून कोणी भरपाई मागितली नाही. आमच्याकडे मात्र मागतात.

आमच्या माहितीतले एक प्रकरण आहे, जागा आणि नावे सांगत नाही. लॉबीत कंत्राटदाराच्या माणसाने लॅपटॉपवर संचाचा प्रोग्राम बदलला आणि 'चालेल' म्हणून गार्डच्या हाती दिला. संच चालला नाही. आठवड्याने गार्डला खुलासा मागणारा कागद आला, संचाची किंमत लिहूनच. त्याने रफ जर्नलमध्ये संच मिळाल्याची वेळ, तो लगेच पडू लागल्याची वेळ आणि स्टेशन मास्तरला कळवल्याची वेळ, अशा तीन ओळी लिहून ठेवल्या होत्या. त्या तीन ओळींवर वसुली थांबली.

कायदा काय म्हणतो तेही ऐका. रेल्वे सेवक (शिस्त व अपील) नियम, १९६८ च्या नियम ६ प्रमाणे पगारातून वसुली ही शिक्षा आहे, आणि ती निष्काळजीपणाने किंवा आदेशभंगाने झालेल्या नुकसानीपुरतीच आहे. त्यासाठी नियम ११ खाली एसएफ-११ द्यावा लागतो आणि तुमचे म्हणणे ऐकावे लागते. टपाल खात्याच्या कर्मचाऱ्यांना १९६५ च्या सीसीएस (सीसीए) नियमांतील नियम ११ आणि १६ तेच संरक्षण देतात. ग्रामीण डाक सेवकांचे नियम वेगळे आहेत, त्यांनी आपल्या संघटनेकडून ते समजून घ्यावेत. तोंडी 'भरून टाका, प्रकरण मिटवू' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. पैसे दिले की चूक कबूल केल्याचा अर्थ काढतात. मुदतीत लेखी उत्तर द्या, आणि प्रोग्राम बदलल्याची नोंद, वापरलेली फाइल व आदेशाची प्रत मागा.

यंत्राचा शब्द प्रमाण मानला की काय होते, हे ब्रिटनच्या टपाल खात्याने दाखवले. 'होरायझन' नावाच्या संगणक प्रणालीच्या दोषामुळे हिशेबात खोटी तूट दिसत होती. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक उपडाकपालांना शिक्षा झाल्या, काही तुरुंगात गेले, कित्येकांनी घरची पुंजी घालून ती तूट भरली. शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा व्हायला २०२४ उजाडले.

म्हणून प्रशासनाकडे आमचे म्हणणे असे आहे. ड्युटीच्या वेळेत फर्मवेअर बदलू नये. बदलणाऱ्याचे नाव, आवृत्ती आणि चाचणीचा निकाल नोंदवहीत सहीनिशी लिहावा. एकदम सगळे संच न बदलता आधी दोन-चार बदलून आठवडाभर पाहावेत. प्रत्येक लॉबीत व यार्डात चालू स्थितीतले जादा संच ठेवावेत. जुनी फर्मवेअर फाइल आणि चॅनेलची प्रत जपून ठेवावी, म्हणजे बिघडलेला संच त्याच दिवशी मूळ पदावर आणता येईल. यात खर्चाची बाब एकच, जादा संच. बाकी सारे वही-पेनाने होते.

नोंदवहीचा नमुना आम्ही छापून आणला आहे. चहाच्या सुट्टीत शाखा सचिवांनी प्रती घ्याव्यात. दूरसंचार विभागातले दोघे बंधू मागच्या टेबलावर बसले आहेत. तिथे एक अडकलेला संच आणि एक चांगली बॅटरी ठेवली आहे. तो बॅटरीमुळे पडतो की प्रोग्राममुळे, हे ज्याला त्याला स्वतः मोजून पाहता येईल.