द्राक्षमळ्यातील राष्ट्राध्यक्ष

चिली म्हटले म्हणजे सोरा आणि तांबे यांपलीकडे आपल्याला सहसा काही आठवत नाही. आज ज्या गृहस्थांविषयी मी बोलणार आहे, त्यांचा संबंध खाणींशी थोडा आणि जमिनीशी फार. पेद्रो आगिरे सेर्दा हे त्यांचे नाव. जन्म 1879 सालचा, आंदीज पर्वताच्या पायथ्याशी, लोस आंदेस गावाजवळच्या पोकुरो खेड्यात, एका शेतकरी कुटुंबात. वडील लवकर वारले. घरात भावंडे पुष्कळ. पेद्रो प्रथम स्पॅनिश भाषेचे शिक्षक झाले आणि 1904 साली वकील. सनद हाती आल्यावर मास्तरकी विसरणारे लोक जगात कमी नाहीत. हे मात्र विसरले नाहीत, म्हणूनच माझ्यासारख्या शाळामास्तराला त्यांच्याविषयी बोलावेसे वाटले.

1918 साली ते न्याय व शिक्षण खात्याचे मंत्री होते. तेव्हा देशाच्या दक्षिण टोकाला, पुंता आरेनास येथील मुलींच्या शाळेवर त्यांनी एका तरुण शिक्षिकेस मुख्याध्यापिका नेमले. या बाईंपाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. गॅब्रिएला मिस्त्राल त्या ह्याच. 1922 साली निघालेला आपला पहिला काव्यसंग्रह त्यांनी आगिरे दांपत्याला अर्पण केला. 1945 साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले; त्यासाठी त्यांचे नाव पुढे करण्यात आगिरे यांच्या सरकारचाही हात होता. तो दिवस पाहण्यास आगिरे मात्र उरले नव्हते.

1929 साली पॅरिसमध्ये त्यांनी चिलीच्या शेतीप्रश्नावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळी चिलीतील उत्तम जमीन थोड्या मोठ्या जमीनदारांकडे होती. तिच्यावर राबणारा ‘इन्किलीनो’ मालकाच्या जागेत खोपटे आणि जमिनीचा तुकडा मिळवी, आणि त्याबदली श्रम देई. मतही बहुधा मालक सांगेल त्यालाच. आगिरे हे सारे दुरून पाहत नव्हते. सांतियागोजवळ कोंचाली येथे त्यांचा स्वतःचा द्राक्षमळा होता. लोक त्यांना कौतुकाने ‘दोन तिंतो’, म्हणजे तांबड्या द्राक्षासवाचे रावसाहेब, म्हणत.

1938 च्या ऑक्टोबरात लोकआघाडीतर्फे ते राष्ट्राध्यक्ष निवडून आले. आघाडी जेमतेम चार हजार मतांची. ‘राज्य करणे म्हणजे शिक्षण देणे’ हे त्यांचे ब्रीद. पुष्कळ कॅथलिक मंडळी त्यांच्या विरुद्ध होती. माझ्या धर्मबंधूंची ती भीती आज मला अनाठायी वाटते. चर्चशी त्यांनी वैर धरले नाही.

अधिकारावर येऊन महिना उलटतो न उलटतो तोच, 24 जानेवारी 1939 रोजी चिलान भागात भीषण भूकंप झाला. हजारो माणसे दगावली. उद्ध्वस्त प्रदेश पुन्हा उभारावयाचा आणि त्याच ओघात देशाचे उद्योगही वाढवावयाचे, म्हणून ‘कोर्फो’ नावाचे सरकारी विकासमंडळ काढण्याचे विधेयक त्यांनी मांडले. संसदेत जमीनदारांचे वजन मोठे. इकडे खेड्यापाड्यांतून शेतमजूर आपले संघ काढू लागले होते, आणि मालक त्याने हादरले होते. त्याच वर्षी सरकारने शेतमजुरांच्या नव्या संघांची नोंदणी थांबविली. एप्रिलमध्ये कोर्फोचा कायदा झाला. हा सौदाच होता, असे अनेक इतिहासकार मानतात.

श्रोतेहो, येथे मी अडखळतो. कोर्फोमुळे पुढे वीज आली, पोलादाचा कारखाना आला. कायदा अडला असता तर भूकंपग्रस्तांचे काय झाले असते, हेही खरेच. परंतु ज्याने इन्किलीनोच्या दैन्यावर ग्रंथ लिहिला, त्याच्याच सहीच्या राज्यात त्या इन्किलीनोचे तोंड बंद झाले. राजकारणाची अडचण मला समजते. तरी मजुराच्या पदरी काय पडले, हा प्रश्न माझ्याने सोडवत नाही.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, स्पेनमधील यादवीतून निसटलेल्या दोन हजारांहून अधिक निर्वासितांना घेऊन ‘विनिपेग’ जहाज वाल्पाराइसो बंदरास लागले. विरोध असताही आगिरे यांनी त्यांना आसरा दिला. पाठवणीची व्यवस्था कवी पाब्लो नेरूदा यांनी पाहिली होती. हे काम मात्र निखळ होते.

क्षयाने आगिरे खंगत गेले आणि 25 नोव्हेंबर 1941 रोजी, मुदत निम्मीच झाली असता, निवर्तले. शेतमजुरांना संघटनेची खरी मोकळीक देणारा कायदा एदुआर्दो फ्रेई यांच्या कारकिर्दीत 1967 साली झाला. 1939 साली विशीत असलेला मजूर तोवर पन्नाशीला टेकला होता.