विशेषणांचे अपवाद

श्रोतेहो, फ्रेंच शिकू लागलेला मराठी विद्यार्थी थोड्याच दिवसांत एक तक्रार घेऊन येतो. विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते, याचे त्याला नवल नसते. 'मोठा, मोठी, मोठे' हे तो पाळण्यातच शिकलेला असतो. त्याला खटकतात ते अपवाद. 'ग्राँ' म्हणजे मोठा, 'ग्राँद' म्हणजे मोठी. मग आजीला 'ग्राँद-मेर' न म्हणता 'ग्राँ-मेर' का म्हणावयाचे? उत्तर ठरलेले असते : "अपवाद आहे, पाठ करा."

अपवादाची अशी बोळवण करू नये. या विशेषणाचे रूप लॅटिनमध्ये पुल्लिंगी व स्त्रीलिंगी एकच होते. जुन्या फ्रेंचमध्येही तसेच राहिले. पुढे इतर विशेषणांच्या संगतीने त्याला निराळे स्त्रीलिंगी रूप फुटले. आजीच्या नावात मात्र जुनेच टिकले. पंडितांना वाटले, येथे एक अक्षर गळाले आहे. म्हणून त्यांनी लोपचिन्ह घातले. फ्रेंच अकादमीने १९३२ साली ते काढून संयोगचिन्ह दिले. चूक आजीची नव्हती, पंडितांची होती!

असेच उदाहरण आमच्या नाशकात, पंचवटीत आहे. 'काळ्या दगडाचे' म्हणतो, त्या नियमाने 'काळ्या रामाचे देऊळ' म्हटले पाहिजे, आणि तसे म्हणतातही. परंतु 'काळारामाचे देऊळ' हेही तितकेच रूढ आहे. पहिल्या प्रयोगात विशेषण अजून जिवंत आहे. दुसऱ्यात ते नावात मिसळून गेले आहे. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९३० साली येथे झालेला सत्याग्रहही 'काळाराम मंदिर सत्याग्रह' याच नावाने इतिहासात नोंदला गेला.

फारसीतून आलेल्या 'जादा' शब्दाचे पाहा. अंती आकार असूनही 'जादा गाडी', 'जादा पैसे' असा तो अविकारीच राहतो. एखादे मूल 'जाद्या गाड्या' म्हणाले, की घरातील मंडळी हसतात. वास्तविक त्या मुलाने नियम अचूक ओळखलेला असतो. त्याला ठाऊक नसते ते एवढेच, की हा शब्द परघरचा आहे.

तेव्हा श्रोतेहो, मूल असे चुकले तर हसू नका. त्या शब्दाची गोष्ट सांगा. पाठ केलेला अपवाद परीक्षेनंतर विसरतो. समजलेला अपवाद जन्मभर सोबत करतो.